तुझ्या खिशातून जाताहेत का?

शनिवार सकाळ, हातात चहा आणि डोक्यात बेसबॉल. पुण्यात बसून बेसबॉलचा विषय काढला की घरात "झालं याचं सुरू!" असे चेहरे होतात, म्हणून इथे लिहितोय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसेल तरी वाचायला हरकत नाही. आज खेळाबद्दल कमी आणि खेळ बंद असताना होणाऱ्या भांडणांबद्दल जास्त बोलायचंय.

२००४ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा बॉस्टनला ऑनसाइट गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ. पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार-पाच जण तावातावाने भांडताना दिसले. मला वाटलं प्रोजेक्ट बोंबललं. जवळ जाऊन ऐकलं तर विषय बेसबॉलचा! पण मॅच तर एकही नव्हती. सीझन सुरू व्हायचा एप्रिलमध्ये. मग हे भांडतायत कशावरून? तर आपल्या टीमने कुणाला घ्यायला हवं होतं, कुणाला सोडायला नको होतं, यावरून.

या हिवाळी गप्पांना अमेरिकेत 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. पूर्वी लोक दुकानातल्या शेगडीभोवती बसून अशा गप्पा मारायचे, त्यावरून. आपल्याकडे शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी रंगतात, त्यांच्याकडे ट्रेडच्या.

त्या हिवाळ्यातलं भूत होतं अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज. २००० च्या डिसेंबरात टेक्सासने त्याच्याशी दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता. तीन वर्षांत टेक्सासला तो डोईजड झाला. बॉस्टन रेड सॉक्सने जमवत आणलं होतं, की रॉड्रिग्ज इकडे आणि मॅनी रामिरेझ तिकडे. बॉस्टनला यायचं म्हणून रॉड्रिग्ज स्वतः करारातले पैसे कमी करायला तयार होता. पण खेळाडूंच्या युनियनने अडवलं. झालेल्या कराराची किंमत अशी खाली आणायची नाही, उद्या सगळ्यांच्याच गळ्याशी येईल, हे त्यांचं म्हणणं. डिसेंबर २००३ मध्ये सौदा फिसकटला आणि फेब्रुवारीत रॉड्रिग्ज गेला कुठे? न्यूयॉर्क यँकीजकडे. म्हणजे सख्ख्या भाऊबंदाकडे!

मी तेव्हा पंचविशीतला कोडर. मला युनियनचं वागणं अजब वाटलं. माणूस स्वतः कमी पैसे घ्यायला राजी आहे, तुम्ही कोण नाही म्हणणारे? मी हे बोललो तेव्हा आमच्या क्यूए टीममधला एक पन्नाशीचा गृहस्थ माझ्याकडे बघून नुसता हसला. जन्म बॉस्टनजवळचा आणि पेशाने टेस्टर, म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीत बग शोधणारा. यापुढे त्याला टेस्टरबुवा म्हणू. बेसबॉलमधला माझा गुरू तोच.

त्याने मला पहिला धडा दिला तो इतिहासाचा. बेसबॉलमध्ये जवळजवळ शंभर वर्षं खेळाडू म्हणजे मालकाची वस्तू होती. करार संपला तरी हक्क टीमकडेच राहायचा. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला त्याला न विचारता फिलाडेल्फियाला पाठवलं. त्याने जायला नकार दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १९७२ मध्ये हरला. पण त्यातून वारं फिरलं. १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचर्सच्या बाजूने लवादाचा निकाल लागला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा होऊ लागला. आज ज्याला 'फ्री एजंट' म्हणतात तो तिथून जन्माला आला. युनियन इतकी चिवट का, ते हा इतिहास ऐकल्यावर कळलं.

दुसरा धडा जुलै २००४ मध्ये मिळाला. नोमार गार्सियापारा हा बॉस्टनचा लाडका शॉर्टस्टॉप. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या डेस्कवर त्याचा फोटो. ३१ जुलैला टीमने त्याला शिकागो कब्जला देऊन टाकलं. ऑफिसात सुतक. निर्णय घेणारा जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइन तेव्हा जेमतेम तिशीचा. आणि तीन महिन्यांनी काय झालं? १९१८ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ८६ वर्षांनी, रेड सॉक्स वर्ल्ड सीरिज जिंकले. सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू कोण? टेक्सासला जाता जाता राहिलेला मॅनी रामिरेझ!

माझ्यासारख्या इंजिनियर लोकांच्या डोक्यात त्या वर्षी एक गोष्ट पक्की बसली. भावनांना काडीची किंमत नाही, आकडे बघा. हुशार मॅनेजमेंट भावनेच्या पलीकडे बघते आणि हुशार चाहत्यानेही तसंच बघावं. मी एक्सेल उघडलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं प्रत्येक हिवाळ्यात माझी एक शीट तयार असायची. कुणाचे किती वर्षांचे हक्क शिल्लक, कुणाचा पगार किती, कोण 'परवडतो', कोण नाही. कॅन्टीनमध्ये मी ती दाखवायचो आणि भाव खायचो. खोटं कशाला बोला, मजा यायची.

मग आला २०२० चा फेब्रुवारी. मूकी बेट्स.

हा कोण ते थोडक्यात सांगतो. २०११ च्या ड्राफ्टमध्ये बॉस्टनने त्याला पाचव्या फेरीत उचललं. म्हणजे फार कुणाच्या नजरेत नसलेलं पोर. घरच्या अंगणात वाढवलेलं हे रोप २०१८ मध्ये असं बहरलं की विचारू नका. .३४६ ची सरासरी, ३२ होमरन, ३० चोरलेले बेस, अमेरिकन लीगचा एमव्हीपी. टीमने त्या वर्षी १०८ मॅचेस जिंकल्या आणि लॉस एंजेलिस डॉजर्सना हरवून वर्ल्ड सीरिजही. आणि १० फेब्रुवारी २०२० ला त्याच डॉजर्सना बॉस्टनने मूकी देऊन टाकला. सोबत डेव्हिड प्राइस हा महागडा पिचर आणि त्याच्या उरलेल्या पगारातला निम्मा वाटा, म्हणजे ४ कोटी ८० लाख डॉलर, पदरचा! बदल्यात अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग ही तीन तरुण मुलं.

कारण? बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही, पण एका आकड्यापलीकडे गेलात तर जादा कर बसतो. २०२० साठी तो आकडा होता २० कोटी ८० लाख डॉलर. सलग पहिल्या वर्षी ओलांडला तर वरच्या रकमेवर २० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. एक वर्ष खाली आलात की मीटर पुन्हा शून्यावर. बॉस्टनने २०१८ आणि २०१९ मध्ये रेषा ओलांडली होती. मूकीचा २०२० चा पगार ठरला होता २ कोटी ७० लाख, आणि वर्षाअखेर तो फ्री एजंट होणार होता.

माझी शीट तयारच होती. मी कॅन्टीनमध्ये उभं राहून लेक्चर दिलं. एकच वर्ष उरलंय. तो नाहीतरी जाणार. फुकट जाण्यापेक्षा तीन पोरं मिळतायत. कर शून्यावर येईल, 'फ्लेक्सिबिलिटी' मिळेल. बॉस्टनने त्याला दहा वर्षांसाठी ३० कोटी देऊ केले आणि त्याने बारा वर्षांसाठी ४२ कोटी मागितले, असं तेव्हा छापून आलं होतं. मी म्हटलं, बघा, हव्यास!

टेस्टरबुवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सँडविच संपवलं. आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, ते पैसे तुझ्या खिशातून जाताहेत का?"

मी म्हटलं, "नाही, पण..."

"मग तू मालकाची वही का लिहितोयस?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज सहा वर्षं होत आली, तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. जुलै २०२० मध्ये डॉजर्सनी मूकीशी बारा वर्षांसाठी ३६ कोटी ५० लाखांचा करार केला. २७ ऑक्टोबरला टॅम्पा बेविरुद्ध वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या मॅचमध्ये साध्या ग्राउंडरवर तो तिसऱ्या बेसवरून धावत सुटला आणि धाव घेतली, दोन इनिंगनंतर होमरन मारला, आणि डॉजर्स जिंकले. मग २०२४ मध्ये पुन्हा आणि २०२५ मध्ये पुन्हा. इकडे बॉस्टन २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या गटात शेवटच्या नंबरावर. मधल्या २०२१ मध्ये मात्र मस्त खेळले, लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेले, ते सांगायला हवं. आलेल्या तिघांपैकी डाउन्सला तीन वर्षांच्या आत सोडून दिलं, व्हर्डुगोला २०२३ च्या डिसेंबरात चक्क यँकीजना विकलं.

पण 'बघा, मूकी गेला आणि टीम बुडाली, म्हणजे चाहत्यांचं मन बरोबर आणि आकडे चूक' असा निष्कर्ष मला काढायचा नाहीये. तसा काढला तर नोमारचं काय करायचं? आणि ख्रिस सेलचं? दुखापतींनी बेजार झालेल्या या पिचरला बॉस्टनने २०२३ च्या अखेरीस अटलांटाला दिलं, वर पैसेही दिले. तेव्हा मी खूश होतो आणि टेस्टरबुवाही. मन आणि वही दोघांचंही एकमत. आणि २०२४ मध्ये सेलने १८ मॅचेस जिंकून नॅशनल लीगचं साय यंग अवॉर्ड पटकावलं. आम्ही दोघंही तोंडावर आपटलो. थोडक्यात काय, भविष्य कुणालाच दिसत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. आकडे दोन प्रकारचे असतात. एक मैदानावरचे आणि एक खातेवहीतले. मैदानावरचे आकडे मूकीबद्दल ओरडून सांगत होते की हा जगातल्या चार-पाच सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक आहे. त्याला सोडा असं सांगणारा एकही आकडा मैदानावरचा नव्हता. ते सांगत होती खातेवही. आणि आम्ही शहाण्यांनी दोन्हीची खिचडी करून तिला 'अ‍ॅनालिटिक्स' असं भारी नाव दिलं होतं. टेस्टरबुवा भावनेने बोलतोय असं मला वाटायचं. प्रत्यक्षात खेळाचे आकडे तोच वाचत होता. मी फक्त मालकाची बिलं वाचत होतो, तीसुद्धा फुकटात!

बरं, मालक काही कंगाल नव्हता. जॉन हेन्री आणि मंडळींनी २००२ मध्ये सुमारे ७० कोटी डॉलरला टीम घेतली. २०२० पर्यंत फोर्ब्सच्या यादीत तिची किंमत ३ अब्जांच्या वर गेली होती. 'परवडत नाही' हा शब्द मी त्यांच्या वतीने वापरत होतो. स्वतः भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहून.

आणि तो 'हव्यास' शब्द. पहिली तीन-एक वर्षं खेळाडूला जवळपास किमान पगारावर राबावं लागतं. पुढची तीन वर्षं पगार लवादाने ठरतो. मोकळीक मिळते ती सहा वर्षांनंतर. २०१६ मध्ये मूकी एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आला. त्या वर्षीचा त्याचा पगार सहा लाख डॉलरच्याही आत होता. तेव्हा त्याला मूल्यापेक्षा कमी मिळतंय म्हणून मी कॅन्टीनमध्ये उभा राहिलो होतो का? उलट माझ्या शीटमध्ये तो 'बार्गेन' म्हणून हिरव्या रंगात होता. स्वस्त होता तोवर हिरवा आणि महाग झाल्यावर लाल. माणूस तोच.

आता जरा आपल्या धंद्याकडे वळतो, कारण मला खरी उपरती तिथे झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, कोविडच्या ऐन गडबडीत, मी जिथे काम करत होतो तिथे मला टीमची एक शीट भरायला सांगितली. नाव, अनुभव, बिलिंग, आणि शेवटचा कॉलम: हा माणूस गेला तर त्याच्या जागी कोण, किती दिवसांत, कितीला. बेसबॉलमध्ये यालाच 'रिप्लेसमेंट लेव्हल' म्हणतात. किमान पगारावर बाजारात सहज मिळेल अशा खेळाडूपेक्षा हा किती सरस, ते मोजायचं. मला तो कॉलम भरायला पाच मिनिटं लागली. इतकी वर्षं दर हिवाळ्यात सरावच केला होता ना! भरून झाल्यावर लक्षात आलं की अशीच एक शीट माझा मॅनेजर भरत असेल आणि तीत माझंही नाव असेल. त्या रात्री झोप लागली नाही. आपण हिरव्या रंगात आहोत की लाल?

कंपनीने हिशोब करू नये असं मी म्हणत नाही. तो तिचा धंदा आहे. टीमनेही करावा. पण हिशोब करायला त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. चाहत्याचं काम वेगळं आहे. चाहता तिकीट काढतो, पहाटे उठतो, पोराला मॅच दाखवायला नेतो. त्याने एवढंच विचारायचं असतं, की तुम्ही जिंकायचा प्रयत्न प्रामाणिकपणे करताय का? वाचवलेला पैसा मैदानात परत येतोय की दुसरीकडे मुरतोय? नोमारच्या वेळी उत्तर स्पष्ट होतं. त्याच्या बदल्यात आलेले खेळाडू त्याच वर्षी जिंकायला आणले होते. मूकीच्या वेळी पहिला हेतू होता कराची रेषा. दोन्ही निर्णयांत लाडका खेळाडू गेला, पण दोन्हीचं वजन एक नाही. हा फरक माझ्या शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हता.

तुम्ही म्हणाल, चाहत्यांच्या बोंबलण्याने काय होतं? जानेवारी २०२३ मध्ये स्प्रिंगफिल्डला झालेल्या चाहत्यांच्या मेळाव्यात हेन्री आणि तेव्हाचे मुख्य अधिकारी खाइम ब्लूम यांची लोकांनी जाहीर हुर्यो उडवली. त्याआधीच्या डिसेंबरात झँडर बोगार्ट्सही सॅन डिएगोला निघून गेला होता, त्याचा राग होता. त्याच जानेवारीत राफाएल डेव्हर्सशी मात्र ३१ कोटी ३५ लाखांचा करार झाला होता. लोकांच्या रागामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण तो राग मालकांनी ऐकला नसेल, असंही नाही.

हे फक्त अमेरिकेत होतं असंही नाही हं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं आणि डिसेंबरात रोहितच्या जागी कॅप्टन केलं, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये जे महाभारत झालं ते आठवा. निम्मे जण 'ब्रँड व्हॅल्यू', 'लाँग टर्म प्लॅनिंग' वगैरे बोलत होते. जणू शेअर्स यांच्याच नावावर आहेत! उरलेले निम्मे वानखेडेवर हार्दिकच्या नावाने ओरडत होते. मला दोघंही चुकलेले वाटले. हार्दिकने काय पाप केलं होतं? निर्णय घेणारे वर बसले होते. चाहत्याचा राग बहुतेक वेळा समोर उभ्या खेळाडूवर निघतो आणि वही लिहिणारा सुटतो. त्या बाबतीत बॉस्टनकर शहाणे. ऑगस्ट २०२३ मध्ये मूकी डॉजर्सच्या जर्सीत पहिल्यांदा फेनवे पार्कवर उतरला तेव्हा अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. हुर्यो कुणाची उडवायची आणि टाळ्या कुणासाठी, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

मी २०२१ मध्ये पुण्यात परतलो. बॉस्टनची संध्याकाळची मॅच उन्हाळ्यात इथे पहाटे चार चाळीसला सुरू होते. टेस्टरबुवा रिटायर झालाय, पण मेसेज चालू असतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, १६ जूनच्या सोमवारी पहाटे उठलो तर त्याचा मेसेज येऊन पडलेला. डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं! बॉस्टनमध्ये तेव्हा रविवारची संध्याकाळ. त्याच दुपारी त्याने यँकीजविरुद्ध होमरन मारला होता आणि तिन्ही मॅचेस जिंकून झाल्या होत्या. त्याची तिसऱ्या बेसची जागा फेब्रुवारीत आलेल्या अ‍ॅलेक्स ब्रेगमनला दिली होती. मग पहिल्या बेसचा खेळाडू जखमी झाल्यावर तिथे खेळशील का विचारलं, तो नाही म्हणाला, वाद चिघळला. करारातले २५ कोटींहून जास्त डॉलर अजून द्यायचे बाकी होते, ते सॅन फ्रान्सिस्कोने उचलले.

मेसेजच्या खाली टेस्टरबुवाने एक ओळ लिहिली होती. "एक्सेल उघडलंस का?"

खरं सांगू? हात लॅपटॉपकडे गेला होता. सवय आहे. डेव्हर्सचंही चुकलं असेल. आणि टीम त्या वर्षी ८९ मॅचेस जिंकून प्लेऑफमध्येही गेली, तिथे यँकीजकडून हरली. म्हणजे निर्णय बरोबर होता की चूक, यावर अजून दहा हिवाळे भांडता येईल. पण त्या पहाटे मी शीट उघडली नाही. चहा केला आणि त्याला लिहिलं, "नाही उघडलं. वाईट वाटलं, एवढंच."

लगेच उत्तर आलं. "आत्ता कुठे तू चाहता झालास. एकवीस वर्षं लागली."

बग अखेर क्लोज झाला म्हणायचा. :)